मुफलिस : हलक्या पानांचा डाव



आजचा विषय ऐकून काही घरांत रेडिओचा आवाज बारीक होईल, हे आम्हाला माहीत आहे. आज आम्ही पत्ते शिकवणार आहोत. तेही बदाम सात किंवा मेंढीकोट नाही, तर तीन पत्ती. आणि तीन पत्तीतलाही एक आडवळणाचा प्रकार. त्याला म्हणतात मुफलिस.

आमच्या गटात बारा जणी. त्यांतल्या नऊ जणींना दोन पावसाळ्यांमागे तीन पत्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पत्ते म्हणजे पारावर बसणाऱ्या पुरुषांचा उद्योग, आपण भाकऱ्या थापायच्या आणि जेवायला हाका मारायच्या, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. शिकलो ते हौसेनं नाही शिकलो. गटातल्या एकीचे लागोपाठ तीन हप्ते थकले, म्हणून शिकलो.

तिनं शेळ्यांसाठी गटातून कर्ज घेतलं होतं. हप्ता दीड हजाराचा. पहिल्या महिन्यात म्हणाली, पोराची फी भरली. दुसऱ्या महिन्यात म्हणाली, दूध डेअरीचा पगार आला नाही. तिसऱ्या महिन्यात बैठकीलाच आली नाही. तेव्हा आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. मालक ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. ती चुलीपुढं बसून होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पैसे तीन पत्तीत गेले. फोनवरच्या."

आमच्यातली एक हसली. खरंच हसली, कारण तिला वाटलं चेष्टा चाललीय. मग सगळ्याच गप्प झालो.

हे सगळं रेडिओवर सांगायला तिनंच परवानगी दिली आहे. नाव घ्यायचं नाही, एवढीच तिची अट.

त्या दिवशी आम्ही तिला विचारत राहिलो, गेले म्हणजे कसे गेले? तिला सांगता येईना. शेवटी ती उठली, फळीवरून पत्त्यांचा जुना कॅट काढला, डब्यातले चिंचोके ओतले आणि म्हणाली, "बसा. दाखवते." तर आता तुम्हीही बसा.

आधी साधी तीन पत्ती. ही इंग्रजांच्या एका जुन्या तीन पानांच्या खेळावरून आली असं मानतात, आणि सिनेमात दिसतो त्या पोकरची ती नात्यातली. पाच-सहा जणी गोल बसायचं. प्रत्येकीनं सुरुवातीला ठरलेली रक्कम मध्ये टाकायची, तिला 'बूट' म्हणतात. आपला बूट एक चिंचोका. पत्ते पिसून, काटून, प्रत्येकीला एकेक करत तीन पानं पालथी वाटायची.

पानांची उतरंड अशी. सगळ्यात भारी 'ट्रेल', म्हणजे तिन्ही पानं सारखी, तीन सत्त्या किंवा तीन राण्या. त्याखाली 'प्युअर', म्हणजे एकाच रंगाची ओळीनं तीन पानं, जशी बदामची पाच, सहा, सात. त्याखाली नुसता 'सीक्वेन्स', ओळ आहे पण रंग मिसळलेले. मग 'कलर', म्हणजे तिन्ही बदाम किंवा तिन्ही किलवर, पण ओळ नाही. मग जोडी. आणि यातलं काहीच नसेल तर नुसतं मोठं पान बघायचं. एक्का सगळ्यात मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी, असं खाली दुरीपर्यंत.

मुफलिसमध्ये ही उतरंड उलटी धरायची. एवढाच फरक. मुफलिस म्हणजे कफल्लक, ज्याच्याकडे काही नाही तो. ज्याच्या हातात काही नाही, तो इथे जिंकतो. ट्रेल आली तर कपाळावर हात मारायचा. सगळ्यात चांगला हात कोणता? वेगवेगळ्या रंगांची दुरी, तिरी आणि पंजी. दुरी, तिरी, चौकी का नाही, असं आमच्या मावशींनी लगेच विचारलं. कारण ती ओळ झाली, आणि ओळ झाली की हात भारी झाला, म्हणजे मुफलिसमध्ये वाया गेला. दोघींचं मोठं पान सारखं निघालं तर दुसरं पान बघायचं, तेही सारखं तर तिसरं. ज्याचं हलकं, त्याचा डाव. पोकरमध्येही असे हलक्या हाताचे प्रकार आहेत.

एक्क्याचं मात्र खेळाआधी बोलून घ्या. काही जणी एक्का एक धरतात, म्हणजे सगळ्यात हलका. काही जणी भारीच धरतात. आम्ही भारी धरतो. हे आधी ठरलं नाही तर भांडण नक्की. आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी झालं, तेही नणंद-भावजयीत.

आता पैसे लावायची रीत. गंमत पानांत नाही, या रीतीत आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

तुमची पाळी आली की तुम्ही पानं न बघता खेळू शकता. त्याला 'ब्लाइंड'. किंवा पानं उचलून बघून खेळू शकता. त्याला 'सीन'. जी न बघता खेळते तिला चालू बोली एवढं किंवा फार तर तिच्या दुप्पट लावावं लागतं. जी बघून खेळते तिला कमीत कमी दुप्पट, जास्तीत जास्त चौपट. म्हणजे डोळे उघडले की खर्च दुप्पट. बघणारीनं चार लावले तर पुढची बोली दोनच धरतात, आणि न बघणारीनं दोन लावले तरी बोली दोनच. हात आवडला नाही तर 'पॅक' म्हणून पानं टाकून द्यायची. आधी लावलेलं परत मिळत नाही.

दोघी बघून खेळत असतील तर आपली बोली लावून झाल्यावर आपल्या आधीच्या खेळणारीला 'साइड शो' मागता येतो. ती नाही म्हणू शकते. हो म्हणाली तर दोघींनी एकमेकींची पानं गुपचूप बघायची आणि जिचा हात हरतो तिनं पॅक व्हायचं. शेवटी दोघीच उरल्या की 'शो' मागता येतो. पण त्यातही मेख आहे. समोरची अजून न बघता खेळत असेल, तर बघून खेळणारीला शो मागता येत नाही. तिनं बोली लावत राहायचं, नाहीतर उठायचं.

आमचा एक खरा डाव सांगतो. आम्ही तो गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे. आक्कांनी पानं वाटली. खेळायचा क्रम काकू, मावशी, वहिनी, मग जिची ही गोष्ट आहे ती, तिला आपण ताई म्हणू, आणि शेवटी आक्का. प्रत्येकीकडे तीस चिंचोके. बूटाचे पाच चिंचोके मध्ये पडले.

काकूंनी न बघता एक लावला. मावशींनी न बघता दोन. वहिनीनं पानं बघितली, दोन राण्या. साध्या तीन पत्तीत ती हरखली असती, इथे पॅक झाली. ताईनं बघितलं, नव्वी, छक्की, चौकी. उत्तम हात. तिनं बघून लावायचे म्हणून चार लावले. आक्कांनी न बघता दोन. मध्ये चौदा झाले.

दुसऱ्या फेरीत काकूंनी पानं उचलली. गुलाम, अठ्ठी, दुरी. बरा वाटला, चार लावले. मावशी पान उघडायलाच तयार नाहीत. त्यांनी न बघता चार लावून बोलीच वाढवली. आता ताईला आठ लावावे लागले, तिनं लावले. आक्कांनी पानं बघितली, दोन राजे निघाले, पॅक. मध्ये आता तीस. तिसऱ्या फेरीत काकूंनी आठ लावले आणि ताईला साइड शो मागितला. ताईचा नव्वीचा हात काकूंच्या गुलामापेक्षा हलका, म्हणून काकू बाहेर. उरल्या मावशी आणि ताई. मावशींनी न बघता चार लावले. ताईला शो मागता येईना, तिनं आठ लावले. मग मावशींनी चार टाकून शो मागितला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपली पानं उघडली. सत्ती, पंजी, दुरी. तीन वेगवेगळे रंग.

मध्ये चोपन्न चिंचोके होते. पाचाचे चोपन्न व्हायला साडेतीन मिनिटं लागली असतील. मावशी पानं न बघता जिंकल्या. ताईचा हात चांगला होता, तिनं काही चूक केली नव्हती, आणि तिचे तीसमधले एकवीस गेले.

आम्ही सगळ्या मावशींच्या नावानं ओरडत होतो. ताई मात्र हळूच म्हणाली, "असंच व्हायचं."

मग ती जे बोलली ते आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ती म्हणाली, "साध्या तीन पत्तीत मला पानंच येत नव्हती. म्हणून कंटाळून बंद करणार होते. मग हे मुफलिसचं टेबल दिसलं. इथे हात दर वेळी चांगलाच वाटायचा."

हे खरं आहे का, ते आम्ही तपासलं. चार संध्याकाळी बसून शंभर हात वाटले आणि वहीत रेघा मारल्या. त्र्याहत्तर वेळा काहीच नाही. अठरा जोड्या, पाच कलर, चार सीक्वेन्स. ट्रेल आणि प्युअर एकही नाही. आक्कांची नात अकरावीत आहे, तिला हे गणित शाळेतच आहे. तिनं मांडून दाखवलं. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांतले १६,४४० हात असे की ज्यांत काहीच नाही. म्हणजे शंभरातले चौऱ्याहत्तर. जोडीचे ३,७४४, ट्रेलचे फक्त ५२. आमच्या रेघा आणि तिचं गणित इतकं जवळ आलं की वहिनी म्हणाली, आता माझ्या बियाणाचंही गणित हिच्याकडूनच करून घेते.

याचा अर्थ असा. साध्या तीन पत्तीत चारातल्या तीन जणींच्या हातात काहीच नसतं, म्हणून बऱ्याच जणी लवकर पानं टाकतात. मुफलिसमध्ये त्याच तिघींना वाटतं, अरे, माझा हात तर चांगला आहे. पण सगळ्यांचाच 'चांगला' असेल तर तो चांगला कसला? नातीनं पुढे मोजलं. या खेळात अगदी मधला हात म्हणजे राजा हे मोठं पान असलेला हात. राणी किंवा त्याहून लहान पानावर थांबणारे हात शंभरात बेचाळीस. दश्शी किंवा त्याहून लहान, पाचात एक. तेव्हा पाच जणी बसल्या असतील तर गुलामाच्या हातावर आठ आठ चिंचोके लावणं शहाणपणाचं नाही. काकूंनी हे मान्य केलं आहे, जरा नाराजीनं.

आणि ताईचा नव्वी-छक्की-चौकीचा हात? त्याहून चांगले हात शंभरात फक्त दहा. तरी समोर चार जणी असतील तर साधारण तीनातून एकदा कुणीतरी त्याहून हलका हात घेऊन बसलेली असते. ती कोण, हे तुम्हाला दिसत नाही. मावशींना तर स्वतःलाही माहीत नव्हतं.

अजून एक प्रयोग केला. फोनवर खेळवणारा फुकट खेळवत नाही, तो प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो. म्हणून आम्ही मध्ये एक रिकामी वाटी ठेवली आणि ठरवलं, जिंकणारीनं दहा चिंचोक्यांमागं एक वाटीत टाकायचा. पाच जणींचे तीस तीस, असे दीडशे चिंचोके. सदतीस डाव खेळलो. कधी मावशी पुढे, कधी वहिनी, हशा-खिदळणं चाललं होतं, वाटीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रात्री साडेदहाला मोजलं. वाटीत सत्त्याण्णव. आम्हा पाच जणींकडे मिळून त्रेपन्न. सगळ्यात जास्त चिंचोके आक्कांकडे होते, एकोणीस, आणि त्या स्वतःला जिंकलेल्या समजत होत्या.

ताई बराच वेळ त्या वाटीकडे बघत होती. तिला वाटत होतं, कुणीतरी हुशार बाई तिचे पैसे जिंकून घेऊन गेली. पहिल्या दोन आठवड्यांत तिनं दोनशेचे नऊशे केले होते. त्या नऊशेच्या आठवणीवर पुढचे साडेचार हजार गेले. शिवाय डेअरीचे वेगळे, ते तिनं आम्हाला नंतर सांगितलं.

द्यूताची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. धर्मराज खेळ येत नव्हता म्हणून हरला, असं आपण म्हणतो. आमच्या काकू म्हणतात, तो उठला नाही म्हणून हरला. यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

आता कायद्याचं थोडक्यात. आपल्या राज्यात जुगाराविरुद्धचा कायदा १८८७ सालापासून आहे. पैसे लावून पत्त्यांचा अड्डा चालवणं आणि तिथे खेळणं हा गुन्हा आहे. फोनवरच्या पैशाच्या खेळांवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्यांची जाहिरात करणंही गुन्हा आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, तेव्हा आपल्या घरात कुणी अडकलं असेल तर पोलिसांच्या भीतीनं लपवून ठेवू नका. आणि बंदी आली म्हणून निर्धास्तही राहू नका. कुणी मेसेजवरून लिंक पाठवली, पहिले चिप्स फुकट म्हणाला, तर ते तेच आहे. खेळ सुटत नसेल, झोप लागत नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरावर फोन करता येतो. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ताईनं दोनदा केला होता. पहिल्यांदा ती काही बोललीच नाही, नुसती रडली, आणि पलीकडच्या बाईनं फोन ठेवला नाही.

तिच्या थकलेल्या हप्त्यांचं काय झालं, हे तुम्ही विचारालच. बैठकीत एकमत झालं नाही. तिघींचं म्हणणं होतं, दंड लावलाच पाहिजे, आज हिला सोडलं तर उद्या दुसरी येईल. त्यांचं चुकीचं होतं असं आम्ही म्हणणार नाही, पैसा सगळ्यांचा आहे. शेवटी दंड माफ नाही केला, पण हप्ता दीड हजाराचा साडेसातशे केला आणि मुदत वाढवली. दोन पाठी विकून तिनं मोठा तुकडा फेडला. मालकाला तिनं स्वतः सांगितलं, आमच्यातल्या दोघी दाराबाहेर बसून होत्या. आता तीन हप्ते राहिलेत. पत्ते मात्र ती अजून खेळते, आमच्याबरोबर, चिंचोक्यांवर. आम्हा सगळ्यांत चांगली खेळते. शंभरात कितवा हात आहे, हे तिला बघताक्षणी कळतं, आणि ती पटकन पॅक होते.

काही बायकांनी आम्हाला विचारलं, हे शिकवून तुम्ही आणखी चार जणींना नादी लावणार. आम्हीही यावर बोललो. पण फोनमध्ये तो खेळ आधीच आलेला आहे, पोरांना येतो, नवऱ्यांना येतो. घरातून पैसा कुठल्या वाटेनं जातो ते कळायला वाट माहीत असावी लागते, असं आमच्यातल्या बहुतेक जणींना वाटलं. दोघींना अजूनही पटलेलं नाही. त्या आज इथे आलेल्या नाहीत.

कोजागरी जवळ आली आहे. त्या रात्री जागायचं आणि सोंगट्या खेळायच्या, ही जुनी रीत. आम्ही यंदा देवळापुढच्या ओट्यावर मुफलिस मांडणार आहोत. दूध आटवायचं काम वहिनीकडे आहे. येणार असाल तर प्रत्येकीनं आपापले तीस चिंचोके घेऊन या, कवड्या चालतील, शेंगदाणे नकोत, मागच्या वर्षी बोली लागायच्या आत अर्धे खाऊन संपले होते. बारा वाजता डाव थांबवायचा, मग कुणी कितीही पुढे असो. वाटी मध्ये असेल. शेवटी मोजायची आहे.

पुढच्या बुधवारी याच वेळी शेळ्यांना जंताचं औषध कधी आणि किती द्यायचं, यावर आमच्यातल्याच दोघी बोलतील. नमस्कार.